दहा मंगळवारांचं पाणी

१९९४ साल. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होतो आणि आमच्या गावात माझ्याइतकं नीट ठेवलेलं रजिस्टर कोणाकडं नव्हतं. शाळेचं नाही, सोसायटीचं नाही. शाळा मी दुसरीपर्यंत शिकलो. अक्षर वाचताना अजूनही बोट लावतो. पण आकडा माझा बघून घ्यावा, छापल्यासारखा.

ते रजिस्टर पाण्याचं होतं. त्याच्या अकरा वर्षं आधी परभणीहून पाणी खात्याची जीप आली होती. साहेबांनी गावात दोन विहिरी निवडल्या, एक गावची आणि एक बौद्ध वस्तीची. दोन्हींच्या कठड्यावर पांढऱ्या रंगाची खूण केली. दर मंगळवारी त्या खुणेपासून पाण्यापर्यंत टेप सोडायचा अन् किती मीटर भरलं ते लिहायचं. आकडा वाढला म्हणजे पाणी खाली गेलं. हे लोकांना उलटं वाटायचं. आकडा वाढला की कोणी तरी म्हणायचंच, पाणी वाढलं म्हणून. मी समजावून सांगायचो, मग समजावायचं सोडून दिलं. शेवटचा रकाना फरकाचा. आजच्या आकड्यातून मागच्या मंगळवारचा आकडा वजा करायचा. साहेब जाताना एक सांगून गेले होते, की कधी मोजणं झालं नाही तर त्या घरात रेघ मारा.

मी अकरा वर्षांत एक रेघ मारली नाही. ताप असताना गेलो, थोरल्या लेकीच्या हळदीच्या दिवशी गेलो. रेघ मला खपतच नव्हती. त्याला कारण माझा बाप. निजामाच्या राज्यात पटवाऱ्याच्या कागदात आमच्या एका तुकड्यापुढं कुळाचं घर कोरं राहिलं होतं. बापाला वाचता येत नव्हतं, त्याला वाटलं कोरं आहे ते बरंच आहे. पुढच्या साली तिथं भलत्याचंच नाव निघालं आणि तो तुकडा गेला. बाप मरेपर्यंत एकच सांगायचा, कागदाचं घर कोरं सोडू नये, कोऱ्या घरात दुसऱ्याचा हात शिरतो. ते माझ्या हाडात बसलं होतं.

वजाबाकी मला आधी येत नव्हती. बोटावर येईल तेवढी यायची, पण पॉइंटाच्या पुढं गेलं की गडबडायचो. ती मला शिकवली माझ्या सोबत्यानं. तो वस्तीतला. पाचवी पास, आणि हाताला विहिरी खोदायचं काम. सुरुंग भरणारा. वस्तीची विहीर त्यानं अन् त्याच्या भावांनी मिळून खोदलेली, खडकात, चौदा मीटर. मंगळवारी मी गेलो की तो कठड्यावर वाकायचा, टेपाच्या टोकाला बांधलेलं शिसं पाण्याला टेकलं की म्हणायचा, "लागलं." मग मी आकडा वाचायचो. त्याला त्याचं काही मिळत नव्हतं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता, तरी तो मला आण्णा म्हणायचा आणि मी त्याला एकेरीत हाक मारायचो. तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

दोन्ही विहिरींचा स्वभाव त्यानंच मला सांगितला होता. म्हणायचा, तुमची विहीर म्हैस हाय आण्णा, एकदा बसली की हालत न्हाई. आमची शेळी हाय, आज इथं तर उद्या तिथं. खरंच होतं ते. गावची विहीर ओढ्याच्या काठाला, खाली मऊ मुरूम. वस्तीची उंचवट्यावर, अंगानं बारीक. पण फरकाच्या रकान्यात एरवी दोघींचं फार कमी-जास्त नसायचं. कारण वस्तीतली माणसं दिवसभर आमच्या रानात कामाला असायची. तिथंच विहिरीवर पाणी प्यायची, जाताना बायका एक-दोन घागरी भरून न्यायच्या. वस्तीच्या विहिरीवर तेवढा भार कमी. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त आकडा कळत होता.

जानेवारीत विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागला. सोळा वर्षं ते भिजत पडलं होतं. वस्तीत पणत्या लागल्या, नीळ उधळली. सोबती माझ्या दारात पेढे घेऊन आला. मी पेढा घेतला आणि भिंतीतल्या देवळीत ठेवला. खातो नंतर, म्हणालो. तो थोडा थांबला आणि गेला. पेढा दोन दिवस तिथंच होता. मग मुंग्या लागल्या म्हणून बायकोनं टाकला. टाकताना ती माझ्याकडं बघतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी चावडीत माणसं जमली. आमच्या गावात कोणी कोणाला मारलं नाही, घर जाळलं नाही. हे आम्ही पुढं कैक वर्षं अभिमानानं सांगायचो. आमच्या गावात फक्त ठरलं. वस्तीतल्या कोणाला कामाला बोलवायचं नाही, त्यांनी आपल्या रानातल्या विहिरीवर यायचं नाही, आपण तिकडं जायचं नाही. मी एका खांबाला टेकून बसलो होतो. कोणी मला विचारलं नाही अन् मीही तोंड उघडलं नाही.

पुढच्या मंगळवारी गावची विहीर मोजली आणि टेप पिशवीत घालून वस्तीकडं निघालो. मला कोणी जाऊ नको म्हणून सांगितलं नव्हतं. सरकारी काम होतं माझं. कोपऱ्यावरच्या हाटेलात चार-पाच जण बसले होते. हाटेलवाला गल्ल्यावरूनच म्हणाला, "काय आण्णा, पाणी मोजाय चाललाव का पेढे?"

सगळे हसले. वाईट असं नाही, रोजच्यासारखंच हसले. मी म्हणालो, गुडघा धरलाय, चालून बघायलोय. अन् तिथूनच माघारी फिरलो. एवढंच झालं. पुढं मी लय वेळा मनात ते मोठं करून पाहिलं, की कोणी आडवं आलं असेल, कोणी दम दिला असेल. तसं काही नव्हतं. चार माणसांच्या हसण्यानं मी फिरलो.

घरी येऊन रजिस्टर उघडलं. गावच्या विहिरीचं घर भरलं. वस्तीचं घर कोरं. त्याच्या वर मागच्या मंगळवारचा आकडा होता, आठ मीटर साठ. रेघ मारायला पेन टेकवला आणि हात चालेना. अकरा वर्षं. शेवटी वरचाच आकडा खाली उतरवला, आठ साठ. फरक शून्य. मनाला म्हणालो, एका हप्त्यात काय मोठं होतंय.

दुसऱ्या मंगळवारी मी वस्तीकडं निघालोच नाही. पण तोच आकडा तिसऱ्यांदा लिहिला तर साहेबाला दिसेल, एवढी अक्कल होती. मग मी एक युक्ती काढली, आणि खोटं कशाला सांगू, मला ती युक्ती लय आवडली. गावची विहीर त्या हप्त्यात चार सेंटीमीटर उतरली होती. तेच चार मी वस्तीच्या आकड्यात मिळवले. आठ चौसष्ट. जमीन एक, ऊन एक, पाणी वेगळं कसं वागेल? पुढच्या मंगळवारी गावची पाच उतरली, वस्तीलाही पाच. मग सहा, तर तिकडंही सहा. रकाने एकाखाली एक असे भरत गेले. दहा मंगळवार. कोऱ्या घरांचं नाव नाही.

होळी झाली. गहू कापणीला आला आणि गावाला हात कमी पडायला लागले, तेव्हा चावडीतलं ठरलेलं आपोआप ढिलं झालं. कोणी बैठक बोलवून मोडलं नाही. एके सकाळी वस्तीतल्या बायका एकाच्या रानात विळे घेऊन दिसल्या, दुसऱ्या दिवशी तिघांच्या. त्यात बातमी आली की परभणीचे साहेब रजिस्टर बघायला येणार आहेत, आणि यंदा ज्या विहिरीचं पाणी जास्त झपाट्यानं उतरलंय तिथं उन्हाळ्याच्या आत बोअर पाडायची मशीन येणार. फरकाच्या रकान्यावरून यादी होणार.

मी मंगळवारी वस्तीवर गेलो. हाटेलावरून गेलो, कोणी काही बोललं नाही. सोबती विहिरीवरच होता. मला बघून त्यानं हातातला पोहरा खाली ठेवला आणि कठड्यावर वाकला, नेहमीसारखा. मी टेप सोडत गेलो. नऊ गेला, दहा गेला, अकरा गेला. शिसं लागेना. तेराच्या पुढं तो म्हणाला, "लागलं." तेरा मीटर वीस. खाली जेमतेम पावणेदोन हात गढूळ पाणी राहिलं होतं.

मी रजिस्टर उघडलं. वरचा आकडा होता नऊ दहा. त्यानं माझ्या खांद्यावरून वाचलं. तो वाचायला चटकन वाचायचा, बोट लावायचा नाही. पान खालून वर वाचत गेला.

"आण्णा," तो म्हणाला, "मागल्या दहा मंगळवारी तुमी आलाव कव्हा?"

मी म्हणालो, गावच्या विहिरीवरून अंदाज धरला.

त्यानं दोन्ही रकाने ताडून बघितले. मग म्हणाला, "दहा हप्ते गावाकडून काहीच आलं न्हाई आमच्याकडं. फरक तेवढा आला म्हणायचा."

मला राग आला. आजही खरं सांगतो, लाज नंतर आली, राग आधी आला. मी म्हणालो, तू मला लिहायचं शिकवू नको. तो म्हणाला, शिकवलं तर मीच हाय. हसून नाही म्हणाला. मग त्यानं कठड्यावर बोटानं हिशेब करून दाखवला. तुम्ही रेघा मारल्या असत्या तर साहेबांनी तेरा विसातून आठ साठ वजा केले असते. चार साठ. मधले हप्ते अकरा. हप्त्याला बेचाळीस सेंटीमीटर, म्हणजे जवळ जवळ हातभर. आमच्या बायकांनी रानातली एक घागर आणली न्हाई ह्या दिवसात, सगळी वस्ती ह्या एका विहिरीवर हुती. ते सगळं त्या रेघांत दिसलं असतं. आता काय दिसतंय? नऊ हप्ते दोन-तीन बोटं, अन् एका हप्त्यात एकदम चार मीटर.

"रेघ खरी असती, आण्णा," एवढं म्हणून त्यानं पोहरा उचलला.

मी खरा आकडा लिहिला. तेरा वीस, फरक चार दहा. वरचे दहा तसेच ठेवले. मला वाटलं, खरं लिहिलं ना, मग झालं.

साहेब गुरुवारी आले. नवीन, तरुण, हातात कॅलक्युलेटर. देवळाच्या ओट्यावर खुर्ची टाकली. गावातली माणसं जमली, हाटेलवाल्यानं चहा आणला. सोबती ओट्याच्या खाली, पायरीपाशी उभा होता. साहेब मोठ्यानं आकडे वाचत होते आणि परभणीहून आणलेल्या तक्त्यावर उतरवून घेत होते. अकरा वर्षांची पानं चाळून म्हणाले, इतकी स्वच्छ नोंद जिल्ह्यात बघितली नाही, एक घर रिकामं नाही. माणसांनी माझ्याकडं बघितलं. माझी मान ताठ झाली. ती ताठ झाली हे मी लपवत नाही.

मग ते शेवटच्या ओळीवर आले. कॅलक्युलेटर दोनदा दाबला. "हे चुकलंय काका. एका आठवड्यात चार मीटर कसं उतरेल? नऊच्या जागी तेरा पडलाय." त्यांनी लाल पेन काढला. तेरा वीसवर काट मारली, वरच्या ओळींचा चढ बघितला आणि शेजारी लिहिलं, नऊ सोळा. फरक सहा सेंटीमीटर. सगळ्या पानात एक खरा आकडा होता, तो गेला.

"बरोबर ना, काका?"

सगळे माझ्याकडं बघत होते. सोबतीही बघत होता. त्यानं तोंड उघडलं, पण माझ्या विरुद्ध बोलला नाही, एवढंच म्हणाला, "साहेब, विहीर काही लांब न्हाई. चला, दाखवतो."

साहेबांनी घड्याळ बघितलं. अजून दोन गावं व्हायची होती, ऊन चढलं होतं. ते म्हणाले, विहीर बघायची गरज नाही, यांची अकरा वर्षांची नोंद आहे. आणि परत मला विचारलं, बरोबर ना?

त्या घटकेला मला एवढंच म्हणायचं होतं की वरचे दहा खोटे आहेत. चार शब्द. मी म्हणालो, "तुमाला बरोबर वाटते तसं."

जीप गेली. मी चहाचा कप खाली ठेवून बघितलं तर पायरीपाशी कोणी नव्हतं.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी आशा लावून वाचायला नको. मशीन यादीप्रमाणं दुसऱ्या गावाला गेली. आमच्या वस्तीत ती आली, पण मृग लागून ओढा वाहायला लागल्यावर. टेप पुढच्या साली माझ्याकडून काढून घेतला, ते बरोबरच झालं. आणि सोबत्याचा उजवा खांदा काही जागेवर आला नाही. तो त्यानंतर चार वर्षं जगला, पण परत कधी माझ्या टेपासाठी कठड्यावर वाकला नाही, आणि मी त्याच्या दारात जाऊन बसलो ते दोनदा. दोन्ही वेळेला त्यानं पाणी दिलं. मी प्यालो.

पण खांद्याचं सांगायचं राहिलं.

साहेब गेल्यावर तीन मंगळवार आले. मी तिन्ही वेळेला घरूनच लिहिलं. नऊ बावीस, नऊ सत्तावीस, नऊ तेहतीस. साहेबांनी लाल पेनानं जी वाट लावून दिली तिच्यावरून मी चालत राहिलो. आता मला कोणी अडवत नव्हतं. हाटेलातही आता दुसरे विषय होते. तरी मी गेलो नाही, कारण गेलो असतो तर तो असता.

वस्तीतल्या बायका ओढ्याच्या वाळूत झरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. जयंतीला त्यांच्याकडं पाहुणे आले, त्यांनाही तेच पाणी. मग सोबती स्वतःच विहिरीत उतरला. त्रेपन्न वर्षांचा माणूस, पहार आणि टिकाव घेऊन. वर पोरंसोरं नाहीत, दोन म्हातारे भाऊ रहाटावर. दिवसाला बोटभर खडक निघायचा. मला रानातून आवाज यायचा, पहारीचा. सकाळी सुरू व्हायचा, दुपारी थांबायचा, परत सुरू व्हायचा. मी बांधावर बसून भाकर खायचो आणि तो ऐकायचो.

एका गुरुवारी दुपारनंतर आवाज सुरू झाला नाही. संध्याकाळी मी हाटेलाजवळ आलो तेव्हा कळलं. दगडांनी भरलेली पाटी वर येताना रहाटावरून दोर निसटला अन् पाटी त्याच्या खांद्यावर आली. बैलगाडीत घालून सडकेपर्यंत नेला, तिथून परभणीच्या सरकारी दवाखान्यात.

हाटेलवाला कप विसळत होता. म्हणाला, "पण मी म्हणतो, उतरला कशाला? पाणी तर नऊ मीटरवर हाय. साहेबानं वाचून दाखवलं की सगळ्या गावाला."

कोणी तरी म्हणालं, त्यांना बोअर फुकट पायजे असंल, म्हणून केलं असंल नाटक. आणखी कोणी म्हणालं, आण्णाचं रजिस्टर कधी चुकत न्हाई. आणि ते सगळे माझ्याकडं बघून मान हलवत होते, आदरानं.

मी चहा न पिता उठलो. घरी बायकोनं ताट वाढलं, मी जेवलो नाही. ती म्हणाली, काय झालं? मी म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, देवळीतला पेढा मी टाकला तव्हाच मला कळलं हुतं, अन् ताट उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मोजायचा वार नव्हता. मी उजाडताच टेप, शिसं आणि रजिस्टर घेऊन निघालो. हाटेलवाला भट्टी पेटवत होता. त्यानं विचारलं, आज काहून? मी थांबलो नाही. वस्तीच्या विहिरीवर कोणी नव्हतं. खाली वाकून बघायला माणूस नव्हता, म्हणून मी टेपाचं वरचं टोक रहाटाच्या खांबाला बांधलं आणि खुणेपासून शिसं खाली सोडलं. ते खणकन दगडावर वाजलं. चौदा मीटर तीस. चौदाच्या खालचे ते तीस सेंटीमीटर त्यानं एकट्यानं खोदले होते. पाणी नव्हतं, तळ ओला होता, आणि तिथं त्याची पहार आडवी पडलेली वरून दिसत होती. मी कठड्यावर बसलो, रजिस्टर मांडीवर उघडलं आणि दहा मंगळवारांवर दहा रेघा मारल्या. साहेबांच्या लाल आकड्यावर काट मारून तेरा वीस परत लिहिलं. त्याखालच्या तीन घरांत आणखी तीन रेघा मारल्या. शेवटी आजचा आकडा लिहिला, त्यातून चावडीत ठरायच्या आधीचे आठ साठ वजा करून फरकाच्या घरात पाच सत्तर मांडला, आणि तेच पान साहेबांपुढं ठेवायला सडकेवर येऊन परभणीच्या गाडीसाठी उभा राहिलो.